एक पूर्णांक सात सेकंद

जुन्या कन्सोलवर एक कालवा संपून पुढचा सुरू व्हायला अडतीस सेकंद लागायचे. नव्यावर एक पूर्णांक सात. दोन्ही आकडे तीन-तीन मोजण्यांची सरासरी आहेत. स्टॉपवॉच मी डाव्या हातात धरते, कारण माझा डावा अंगठा उजव्यापेक्षा कमी उतावीळ आहे. हे मी पदवीच्या शेवटच्या वर्षी लंबकाच्या प्रयोगात शोधून काढलं. पदार्थविज्ञानाचा पुढे मला जो काही उपयोग झाला तो बहुतेक एवढाच.

माझं काम नवी यंत्रं मोजण्याचं. एका संकेतस्थळासाठी मी फोन, कॅमेरे, स्पीकर घरी आणून वापरते आणि पहिल्या चार दिवसांत काय दिसलं ते लिहिते. या कन्सोलबद्दल वाचकांचे प्रश्न दोनच होते. लोडिंग खरंच इतकं जलद आहे का, आणि जुन्या डिस्क त्यावर चालतात का? दुसऱ्या प्रश्नासाठी मी घरातली सगळ्यात जुनी डिस्क काढली. ती बाबांची होती.

बाबा एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचे. मागच्या वर्षी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून ब्रश पडला. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. उजवा हात निम्मा परत आला. चालणं परत आलं. समजतं सगळं. बोलणं मात्र आलं नाही. ‘हं’ आहे, ‘नाही’ आहे, आणि एक शिवी आहे, ती ते फार शुद्ध उच्चारात देतात. आई म्हणते, देवाने ठेवायला तेवढीच बरी सापडली.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी आम्हाला एक गोष्ट नीट समजावली होती. स्वतःहून बोलणं आणि समोर लिहिलेलं मोठ्याने वाचणं, या डोक्यातल्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक बुजली तरी दुसरी उघडी असू शकते. वापरली नाही तर तीही बुजते. म्हणून त्यांनी वाचायला मोठ्या अक्षरांची कार्डं दिली. बाबांनी ती पत्त्यांसारखी पिसली, आम्हा दोघींना वाटली आणि उतारी कर म्हणून मला खूण केली. वर्तमानपत्र दिलं तर ओळींच्या गर्दीत त्यांचं बोट हरवायचं.

ते वाचायला लागले ते त्या गेमसमोर.

गेम मालवाहू बोटीचा आहे. कालव्यांच्या जाळ्यातून बोट न्यायची. कालव्याला उतार असेल तिथे दोन दारांमधला हौद लागतो. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदात पाणी भरायचं, बोट वर उचलली गेली की पुढचं दार उघडायचं. मी शाळेत असताना आम्ही दोघं हे तासन्‌तास खेळायचो. बाबा त्या हौदाला ‘बोटीची लिफ्ट’ म्हणायचे आणि कालवे खोदणाऱ्यांना आपले भाऊबंद. दर हौदाशी पडदा काळा व्हायचा, पुढचा कालवा लोड व्हायचा, आणि तोवर पांढऱ्या अक्षरांत एक सूचना दिसायची. एकच ओळ. अडतीस सेकंद.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या महिन्यात, मी शेजारी बसून लेख लिहीत असताना, बाबा म्हणाले, “रिकामी… बोट… वाऱ्याने… जास्त… भरकटते.”

आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली आणि तिने विचारलं, “कोण आलंय?”

त्यांना कुणी वाचा म्हटलं नव्हतं, बहुधा म्हणूनच जमलं. पहिल्या दिवशी आई “बघा, येतंय की!” म्हणाली, तर ते पुढचा आख्खा दिवस गप्प. तेव्हापासून घरात नियम झाला : शाबासकी नाही, वळून बघणं नाही. पडदा काळा झाला की आई नळ बारीक करते आणि पाठमोरी उभी राहते. ते दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलायचे. दोर आधी बांधा, मग उतरा. दार उघडण्याआधी दोन्हीकडचं पाणी समपातळीत येऊ द्या. आईने एकदा मला सांगितलं की लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस तिला रोज काहीतरी शहाणपणाचं सांगतोय.

गेल्या महिन्यापासून जुन्या कन्सोलला डिस्क वाचताना धाप लागत होती. तीनदा घालावी तेव्हा एकदा चालायची. तो बंद पडणार हे उघड होतं, फक्त तारीख माहीत नव्हती. नव्या कन्सोलवर ती डिस्क चालली तर बाबांची वाक्यं वाचणार होती. असं पाहिलं तर मापनाचा निकाल माझ्याही उपयोगाचा होता.

“बाबा, नव्या यंत्रात तुमची बोट जाते का बघू.”

“हं.”

गेली. डिस्क पहिल्याच फटक्यात ओळखली गेली, आधीचा खेळ जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. चित्र जास्त स्वच्छ होतं. पाण्यावर बदकं होती, इतकी वर्षं ती मला पानं वाटत होती. बाबांनी बोट हौदात घेतली. मी त्यांच्या शेजारी वही मांडीवर घेऊन बसले. हातातलं स्टॉपवॉचचं घड्याळ त्यांचंच होतं, कामावरचं, पोलादी, दोरीला अडकवलेलं. त्यांनी बटण दाबलं की सुरू करायचं, पुढचा कालवा दिसला की बंद.

पडदा काळा झाला. बाबांनी नेहमीसारखा श्वास घेतला.

“दा—”

समोर कालवा आला होता. बदकांसकट.

बाबांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घड्याळाकडे बघत होते. एक पूर्णांक अडुसष्ट. लिहून घेतलं.

“अजून दोनदा, बाबा.”

दुसऱ्या हौदाशी त्यांनी श्वास आधीच घेऊन ठेवला. अक्षरं दिसली, ओठ हलले, संपलं. तिसऱ्या हौदाशी त्यांनी श्वास घेतला नाही. एक पूर्णांक सत्तर, एक पूर्णांक बहात्तर. वहीत मी सरासरीखाली लिहिलं : विचलन नगण्य. त्या वेळी मला काय वाटलं हे शोधायला मी ते पान नंतर पुन्हा वाचलं. पानावर तेवढंच आहे.

दुपारी संपादकांचा फोन आला.

“काय गं, उडतंय का विमान?”

“एक पूर्णांक सात.”

“आई शप्पथ! आणि जुन्यावर?”

“अडतीस.”

“म्हणजे नमनालाच घडाभर तेल. हे वाक्य घालच. जुन्या डिस्क?”

“एक घातली. चालली.”

“मग आवाज असा का? दाढ काढून आल्यासारखा?”

“आवाज असाच आहे.”

“बरं बरं. पाचशे शब्द, पाच वाजेपर्यंत. आणि यंत्र ठेव तुझ्याकडे, महिन्याने पुन्हा लिहायचंय.”

मी पाचशे वीस शब्द लिहिले. त्यांनी मथळा दिला : आता वाट पाहणं संपलं. पहिल्या तासात तो लेख माझ्या आधीच्या कुठल्याही लेखापेक्षा जास्त वाचला गेला. खाली एकाने लिहिलं होतं की जुन्या कन्सोलने त्याच्या आयुष्यातले निदान चार दिवस खाल्ले असतील. मी हिशेब केला. रोज दोन तास खेळ धरला, तर त्याचा अंदाज बराच कमी होता.

तो दिवस आणि पुढचा दिवस बाबा नव्यावर खेळले. बोट हाकायचे, दारं लावायचे, चूक झाली की ती शिवी द्यायचे. काळा पडदा पापणी लवावी तसा येऊन जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी आई भांडी पुसत म्हणाली, “ह्यांनी परवापासून एक वाक्य बोललेलं नाही.”

“परवा सकाळी अकरापासून.”

“तुला वेळसुद्धा माहीत आहे?”

“वहीत आहे.”

आईने पुसलेलीच ताटली पुन्हा पुसली. “मग वहीला विचार ना, आता काय करायचं ते.”

मी जुना कन्सोल पुन्हा जोडला. डिस्क घातली. त्याने ती तीन मिनिटं आत घोळवली आणि बाहेर काढली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. अकरा वेळा केलं. अकराव्यांदा त्याने ती बाहेरही काढली नाही, चिमट्याने ओढून घ्यावी लागली. यंत्र संपलं होतं. बाबा खुर्चीतून हे सगळं बघत होते. इतक्या वर्षांत दुसऱ्याला यंत्र उघडताना पाहून त्यांनी कधी सल्ला दिला नाही असं झालं नव्हतं. या वेळी ‘हं’ही आलं नाही.

त्या दुपारी मी विचार केला तो असा : नव्या यंत्रात खेळ जलद लोड होतो, कारण डिस्कवरचा सगळा मजकूर ते आधी स्वतःच्या पोटात उतरवून घेतं आणि ते पोट फार चपळ आहे. खेळ बाहेरच्या साठवणीवर ठेवता येतो, हे मी स्वतःच लेखात लिहिलं होतं. घरातली एक जुनी हार्ड डिस्क लावली. सात पूर्णांक दोन सेकंद. बाबांना एक ओळ वाचायला सोळा ते बावीस लागतात. मला आणखी हळू काहीतरी हवं होतं.

कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात मी नेहमी जाते. दुकानदार मला ‘टेस्टिंगवाल्या ताई’ म्हणतो.

“सगळ्यात हळू चालणारा पेनड्राइव्ह हवाय.”

“हळू?”

“जितका हळू तितका बरा.”

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. “ताई, बावीस वर्षं दुकान चालवतोय. हळू द्या म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक. कुणावर सूड उगवायचाय का?”

“नाही. वेळ हवाय.”

“तो तर सगळ्यांनाच हवाय.” तो काउंटरखाली वाकला आणि सुट्या भागांनी भरलेला बिस्किटांचा डबा वर काढला. “हा घ्या. हा लावला की आमच्या घरच्यांचे फोटो उघडेपर्यंत त्यातली माणसं म्हातारी होतात. फेकायलाच ठेवला होता.”

दुकानातच मोजला. त्याने उत्सुकतेने विचारलं, “पास?” मी म्हटलं, “पास.” तो म्हणाला, “अरेरे, बिचारा. आयुष्यात पहिल्यांदाच.”

घरी येऊन खेळ त्यावर उतरवायला पावणेदोन तास लागले. मग बाबांना म्हटलं, “बाबा, आता बघा.” बोट हौदात गेली. त्यांनी बटण दाबलं, मी घड्याळ. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. पांढरी ओळ आली : ‘वळणावर घाई करू नका, काठ हलणार नाही.’ स्वयंपाकघरात नळ बारीक झाला. दहा सेकंद. पंधरा. बाबांचे डोळे ओळीवरून गेले, हे मी पाहिलं. मग ते माझ्या हाताकडे वळले आणि तिथेच थांबले. सव्वीस पूर्णांक तीन सेकंदांनी कालवा आला.

“अजून एकदा, बाबा?”

“नाही,” बाबा म्हणाले. स्पष्ट. रिमोट खुर्चीच्या हातावर ठेवला आणि उठून आत गेले.

मी वहीत वेळ लिहिली. शेरा हा रकाना रिकामाच सोडला. वेळ पुरेसा होता, प्रकाश तोच, अक्षरांचा आकार तोच, ओळ ओळखीची. मग वाट बुजली असणार. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या तसं. तीन दिवसांत बुजते का, हे विचारायला मी त्यांना संदेश लिहिला आणि पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत आले तर बाबांच्या खुर्चीच्या पाठीला पत्र्याची पाटी लटकत होती. लाल अक्षरं, एका कोपऱ्यात पोचा. ‘दुरुस्ती चालू आहे. वापरू नये.’ ही पाटी त्यांच्या हत्यारांच्या पेटीत असायची. पेटी पलंगाखाली असते, म्हणजे निम्म्या हाताने त्यांनी ती ओढून काढली होती. बाबा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. पाटी त्यांच्या मानेच्या बरोबर मागे होती.

मला आधी ती गंमत वाटली. त्यांच्या गमती अशाच असत. मी आईला बोलावलं.

आई आली. पाटीकडे बघितलं, मग टेबलावरच्या घड्याळाकडे. मला हाताला धरून तिने स्वयंपाकघरात नेलं.

“तुझे बाबा हे घड्याळ कधी बाहेर काढायचे, माहीत आहे?”

“वेळ मोजायला.”

“शहाणीच आहेस. वर्षानुवर्षं खिशात असायचं, काढायचे नाहीत. नुसत्या आवाजावरून कळायचं त्यांना. काढायचे ते कुणी लेखी तक्रार केली तरच. की बाबा, ही लिफ्ट मंद झाली. मग दरवाजा किती सेकंदांत लागतो ते तीनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. तिसरा आकडा लिहिला की पाटी.” तिने आवाज आणखी खाली आणला. “त्या दिवशी तू कुणाशेजारी घड्याळ घेऊन बसली होतीस?”

“मी कन्सोल मोजत होते.”

“कन्सोल तिकडे टीव्हीखाली आहे. तू ह्यांच्या शेजारी बसून ह्यांच्याकडे बघत होतीस. तीनदा. आणि वहीत लिहिलंस.”

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. बटण दाबल्याचा नेमका क्षण पकडायचा तर अंगठ्याकडेच बघावं लागतं. पण अंगठा बाबांचा होता, आणि घड्याळही. त्यांनी वाक्य सुरू केलं, मी घड्याळ थांबवलं, आकडा लिहिला, आणि ‘अजून दोनदा’ म्हटलं. मग दोन दिवसांनी पुन्हा आले, जास्त वेळ दिला, पण हातात घड्याळ होतंच. तक्रार आली होती. लिफ्ट मंद होती. त्यांनी नियमाप्रमाणे पाटी लावली होती.

“मला तसं म्हणायचं नव्हतं,” मी म्हटलं.

“मला काय सांगतेस? मी कुठे लिफ्ट आहे?”

मी बाहेर आले. बाबांच्या समोर जमिनीवर बसले. काय म्हणायचं ते आधी जुळवून ठेवलं होतं, त्यातलं निम्मंच आलं.

“बाबा, तक्रार तुमच्यावर नव्हती. यंत्रावर होती. माझं कामच आहे ते. मी यंत्र मोजत होते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. पटलं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मोजता येत नाही. उजवी बाजू अजून नीट हलत नाही.

मी घड्याळ त्यांच्या डाव्या हातात दिलं, रिमोट उजव्या. “तुम्ही मोजा. मी नुसती लिहिते.”

“हं,” बाबा म्हणाले.

बोट हौदात गेली. उजव्या अंगठ्याने बटण, डाव्याने घड्याळ. दोन्ही एकदम जमायला त्यांना चार प्रयत्न लागले, चौथ्याआधी शिवी आली. मग जमलं. पडदा काळा झाला. त्यांनी ओळ वाचली नाही. ते टीव्हीखालच्या त्या गुळगुळीत डब्याकडे बघत होते, मान किंचित तिरकी करून, बंद दरवाजाआड मोटर ऐकताना करायचे तशी. कालवा आला. त्यांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. सव्वीस पूर्णांक नऊ. मी लिहिलं. दुसऱ्यांदा सव्वीस पूर्णांक चार. तिसऱ्यांदा सव्वीस पूर्णांक सहा. स्वयंपाकघरात नळ एकसारखा बारीक वाहत होता, आईने तो बंद करायचंही धाडस केलं नव्हतं.

तिसरा आकडा वहीत उतरल्यावर बाबा उठले. खुर्चीच्या पाठीची पाटी काढली, टीव्हीपर्यंत गेले आणि ती नव्या कन्सोलला टेकवून ठेवली. एकदा सरळ केली. पाटीमागे त्याचा निळा दिवा झाकला गेला.

आईच्या तोंडून हसू फुटलं. लगेच तिने ते आवरलं आणि पाठ केली.

बाबा परत येऊन बसले. घड्याळ त्यांनी खिशात ठेवलं. मी वही मिटली आणि कुठे ठेवावी हे न कळून तिच्यावरच बसले. ते पुढच्या हौदाशी पोहोचले. दार लागलं, पडदा काळा झाला.

दहा सेकंद काही झालं नाही. मी मनात मोजत होते, ते मला थांबवता येत नाही.

“दोर,” बाबा म्हणाले. मग बराच वेळ गेला. “आधी… बांधा.”

ओळ अजून पडद्यावर होती. बाबांनी श्वास घेतला.

“मग… उतरा.”

त्यानंतरही पडदा थोडा वेळ काळाच राहिला. कुणी वळून बघितलं नाही. मग कालवा आला, पाण्यावर ती बदकं होती, आणि बाबांनी बोट पुढे काढली.